उजवा कान

मुख्य कार्यालयाचं पत्र सोमवारी आलं:
शुक्रवारपर्यंत अकरा नावं.
आणि जाता जाता,
तळघरातली जुनी कार्डं संगणकात चढवून टाका,
तौनो वेसानेनच्या वेळची.

तौनो माझ्याआधी या खुर्चीत एकतीस वर्षं बसला.
तेव्हा दारावर एकच शब्द होता: माणसं.
आता मनुष्यबळ विभाग.
पाटी बदलली त्या दिवशी सुतारानं विचारलं होतं,
बळ कुणाचं, कुणावर?
मी हसले होते. केक होता त्या दिवशी.

कार्डाच्या पुढे शाईनं
जन्मतारीख, वेतनश्रेणी, बुटाचं माप.
मागे पेन्सिलीनं, मुंगीच्या पायांचं अक्षर:
सोमवारी बोलत नाही. बोलायला लावू नये.
दारू सुटली. अभिनंदन करू नये, चिडतो.
उचल मागायला आला, हवापाण्याचं बोलून गेला. आपणहून विचारावं.
भाऊ बर्फाखाली गेला. मार्चमध्ये नदीकडच्या गोदामात पाठवू नये.

नव्या प्रणालीत पेन्सिल नाही.
एक चौकट, तिच्यात पाच पर्याय.
माणूस पाचांपैकी एकात बसला नाही
तर लाल अक्षरं लुकलुकतात
आणि पुढचं पान उघडत नाही.

यादीत सातवा रेइमा हुतुनेन.
चौथं कागदयंत्र, चौतीस वर्षं.
शेरा: सूचना पाळत नाही.
तीन वेळा कानउघाडणी, तारखांसकट,
खाली सही मिस्का लेहतोची.
मिस्का पाळीप्रमुख, वय सत्तावीस, वाईट मुलगा नाही.
त्याला मीच निवडला.
मुलाखतीत तो म्हणाला होता,
मला माणसं आवडतात.

बुधवारी दुपारी तीनला अंधार पडला
आणि दिव्याखाली रेइमाचं कार्ड हाती आलं.
मागे:
डावा कान गेला, ९६ साली. यंत्रापाशीच गेला.
उजव्या बाजूनं बोलावं. स्वतः सांगणार नाही.

म्हणजे तिन्ही कानउघाडण्या डाव्या कानाच्या.
मिस्काचा चबुतरा यंत्राच्या डावीकडे आहे.
इतकी साधी भूमिती
पंधरा वर्षं माझ्या पायाखालच्या तळघरात होती.

मी चौकटीत टाईप केलं: उजव्या बाजूनं बोलावं.
प्रणाली म्हणाली,
प्रकृतीविषयक मजकूर स्वीकारता येत नाही.
नियम बरोबर आहे. त्याचं प्रशिक्षण मीच दिलं,
बावीस जणांना, कॉफीसकट.
तौनोच्या पेन्सिलीवर आज खटला भरता येईल,
आणि भरणाऱ्याचं चुकणार नाही.

शिवाय सातवा काढला तर बारावी वर सरकते.
हेन्ना.
जुळी मुलं, घराचा हप्ता,
शेऱ्यात एक बोट ठेवायला जागा नाही.
अकरा म्हणजे अकराच.
तिकडे कुणी तरी तक्त्यात ही संख्या भरताना
खिडकीबाहेर पाहिलं असेल का,
एवढंच मला अधूनमधून वाटतं.

गुरुवारी पाळी बदलताना मी यंत्रघरात गेले.
कागद वाहत होता, शुभ्र, माणसाच्या धावेपेक्षा वेगानं,
आणि त्या गर्जनेत
मोजून तेरा माणसं खुणांनी बोलत होती.
रेइमा वाफेच्या नळीपाशी उभा होता.
मी वळसा घेतला, तेलकट जिन्यावरून,
आणि त्याच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले.
काय सांगायचं ते रात्रभर घोळवलं होतं:
बोलणी सुरू आहेत, अजून काही ठरलेलं नाही,
तीन ताकिदींविरुद्ध अर्ज करता येतो,
मी स्वतः लिहून देईन,
डॉक्टर, युनियन, सोमवार,
सगळं एका दमात, ओरडून.

त्यानं मान किंचित दूर घेतली.
हातमोजा काढला.
म्हणाला,
हळू बोल, ऐला.
हा कान चांगला आहे.