सातवा सामना

शुक्रवारी दुपारी तीनला सौद्यांचा दरवाजा बंद होतो.
तीनला चार मिनिटं कमी असताना
आम्ही ओरेस्ट हलुश्का देऊन टाकला.
वय चौतीस, बचावपटू, डावा गुडघा दोनदा उघडलेला.
कपाटात त्याच्या सुक्या जर्दाळूंचा डबा तसाच राहिला.

बदल्यात पुढच्या वर्षीची एक निवड, तिसऱ्या फेरीतली.
म्हणजे एक मुलगा,
जो कोण, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.
पाण्यात म्हैस, वर मोल.
इथं तर पाणीही गोठलेलं.

अट मी टाईप केली. माझं कामच ते.
जर घेणारा क्लब प्लेऑफच्या दोन फेऱ्या जिंकला
आणि जर त्यातल्या निम्म्या सामन्यांत हलुश्का बर्फावर उतरला,
तर तिसऱ्या फेरीची दुसरी होईल.
उतरला म्हणजे किती वेळ, हेही मी लिहिलं होतं.
"एवढं कशाला?" समोरचा वकील म्हणाला.
ती ओळ खोडली.

मे महिना. पहिली फेरी सहा सामन्यांत सुटली,
दुसरी सातव्यापर्यंत ताणली गेली.
एकूण तेरा. निम्मे साडेसहा,
आणि अर्धा सामना कुणी खेळत नाही, म्हणून सात.
हलुश्काचे झाले होते सहा.

तिकडच्या साहेबांनाही मोजता येत होतं.
सकाळच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.
गुडघ्याला विश्रांती, असं छापून आलं.

हॅलिफॅक्सच्या बंदरावर धुकं, भोंगा थांबून थांबून ओरडत होता.
ऑफिसात मी एकटी, टीव्ही, आणि रकाने आखलेला कागद.
वॉर्म-अपमध्ये एका फिनिश पोराच्या जबड्यावर पक बसला.
साकू नेव्हेरी. वीस वर्षांचा. टॉवेल लाल झाला.
कॅमेरा वर गेला, तर प्रेस बॉक्समधली एक खुर्ची रिकामी,
तिच्यावर कुणाचा तरी कोट.

तो उतरला.
एक्केचाळीस सेकंद.
समोरून फटका आला आणि तो आडवा झाला,
जसा सोळा वर्षं होत आला होता.
घोट्याचा आवाज टीव्हीतून येत नाही.
काठीवर भार देत उठला, बोगद्यातून आत गेला,
आणि त्यानंतर बर्फावर आलाच नाही,
त्या रात्री नाही, कधीच नाही.
त्यांनी जादा वेळेत जिंकलं.

आर्सेनो साहेबांचा फोन: "मोजलास ना?"
मोजला.
रकान्यात सात लिहिले. हात थरथरला नाही, तेही सांगून ठेवते.

जूनमध्ये आम्ही ती निवड पुढे ढकलली तिसऱ्याच क्लबला,
एका गोलीसोबत, ज्याला समुद्राचा वास सोसत नव्हता.
माझे वडील सस्कॅचवनमध्ये गहू पेरायचे;
पीक उभं राहिल्याशिवाय भाव बोलायचे नाहीत.
आमच्या धंद्यात पिक म्हणतात,
ते पेरलेलंही नसतं.

पुढच्या जूनमध्ये एकसष्टावं नाव पुकारलं गेलं.
रूबेन विबे, रोस्थर्नजवळच्या एका गावचा.
आईनं त्याच्या कोटाचं बटण लावलं,
मग दुसरंही, मग पहिलं पुन्हा.
ते एक्केचाळीस सेकंद नसते, तर त्या क्लबच्या हाती त्र्याण्णवावी पाळी.
मधे बत्तीस पोरं.
त्यांच्यातला कुठला कुणाच्या घोट्यामुळे कुठे गेला,
त्याचा कागद माझ्याकडे नाही.

रूबेनला हलुश्का माहीत नसणार.
हलुश्काला रूबेन तरी कुठे?
दोघांच्या मधे मी आणि एक "जर".

परवा कपाट आवरताना तो डबा सापडला.
जर्दाळू दगड झालेत.
तरी पत्ता काढला, यॉर्कटनचा, दोरी बांधली.
आत चिठ्ठी ठेवायची म्हणून तासभर बसले.
शेवटी एवढंच लिहिलं:
सातवा मी धरला होता.