डावा अंगठा

पाइपच्या कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा
वहीत बेचाळीस कल्पना होत्या
आणि बँकेत अकरा महिने.

केळीच्या खोडाच्या धाग्याची योगासनाची चटई:
बहिणीने फोटो मागितला, चटई नाही.
भरताची वांगी भाजायची बिनधुराची शेगडी:
मेहरूणच्या अख्ख्या गल्लीने भरीत खाल्लं,
बोटं चाटली, वा म्हणाले,
खिशात हात मात्र कुणी घातला नाही.
तेव्हापासून मी वा मोजत नाही.

सावद्याच्या केळीचा भाव सांगणारं ॲप
मीच खोडलं.
भाव तिथे मोबाइलच्या आधी
चहाच्या टपरीवर पोचलेला असतो.

साचेवाले बोंडेकाका म्हणाले,
"विचार खोडरबराने पुसता येतो, पोरी.
पोलाद कोरलं की साठ हजार गेले.
आधी बघून ये, लोकांनी कुठे काय
बांधून-चिकटवून भागवलंय."

म्हणून फेब्रुवारीत नंदुरबारला गेले.
गावाबाहेर मिरचीच्या लाल पथाऱ्या,
कडेला देठ खुडणाऱ्या बाया.
मी शिंकत शिंकत मोजत होते:
बाविसातल्या चौदा जणींच्या अंगठ्याला
सायकलच्या जुन्या ट्यूबचं गुंडाळं.
रात्री हात ताकात बुडवून बसतात,
तासभर लेकराला शिवत नाहीत.

मुक्कामाच्या खोलीत उरलेल्या सगळ्या पानांवर
रेघ मारली.
दुखलं. काही चांगल्या होत्या.
एक तर फारच चांगली,
तिचं पान अजून कधीमधी उघडून बघते.

रबराची टोपी, आतून सुती,
पुढे नखासारखी धार.
प्लास्टरच्या साच्यात बारा ओतल्या.
फुकट वाटणार होते, नाही वाटल्या.
वीस रुपये म्हणाले आणि जीभ चावली.

सुरताबाई वळवीने एक घातली,
चार देठ खुडले, काढली,
उलटी करून उन्हात धरली, परत घातली.
मी तिच्या तोंडाकडे बघत होते,
ती टोपीकडे.
"हाई कितलाले?"
वीस.
तिने कमरेची पिशवी सोडली, मग थांबली.
"डावा हातनी नही का?"

धार उजवीकडे होती.
बाराच्या बारा उजव्या.

तिने बोटभोवती सुतळी गुंडाळून माप दिलं,
पिशवीची गाठ पुन्हा मारली.

एसटीत वही उघडली. त्रेचाळीस.
सुतळीला मिरची होती,
दोंडाईचा येईपर्यंत
डोळा चोळायचा नाही एवढंच
लक्षात ठेवत बसले.