घोरणं

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.
चौदा वर्षं नारीनच्या दवाखान्याची गाडी चालवली,
ती राखाडी गाडी, जिला आमच्याकडे सगळे पावाची लादी म्हणतात,
जिचं मागचं दार दोरीनं बांधावं लागे.

त्या फेब्रुवारीत दोलोन खिंडीत ट्रक उलटला.
बर्फावर चपलाच चपला,
प्लास्टिकच्या, गुलाबी, लहान मुलांच्या मापाच्या,
काही जोडीनं, बऱ्याचशा एकट्या.
त्यांच्यात चालक पडलेला. शेराली.
आसिलकान, आमची फेल्डशर,
म्हणजे डॉक्टर नाही, नर्स नाही,
आणि रात्री अडीच वाजता दोन्ही,
ती पलीकडच्या गावात एका बाळंतिणीपाशी अडकलेली.
मी एकटा.

रक्त फारसं नव्हतं. शुद्ध नव्हती.
पण घोरत होता,
माझ्या सासऱ्यासारखा, भरघोस.
माझा जीव भांड्यात पडला.
त्याच्या धाकट्या भावाला म्हटलं,
घोरतोय तोवर काळजी नाही.
आणि गाडी पळवली.

आरशात भाऊ दिसायचा, दोन्ही हातांत त्याचा एक हात.
मी त्या आवाजावर गाडी चालवत होतो,
धुक्यात पुढच्या गाडीच्या लाल दिव्यावर चालवावी तशी.
ओत्तुकच्या अलीकडे आवाज थांबला.
मला वाटलं,
चला, गाढ झोप लागली.

आसिलकान रागावली नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं.
मला दवाखान्याच्या फरशीवर उताणं झोपवलं,
डोक्याशी गुडघे टेकून बसली,
कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागं बोटं घातली
आणि जबडा वर उचलला. मान जराही हलू न देता.
हनुवटी छताकडे गेली, खालचे दात वरच्यांच्या पुढे आले.
"जीभ मागं पडते. तिला वाट सोडायला लावायची."
एवढंच?
"एवढंच."
हातांना लसणाचा वास येत होता.
याला औषध लागत नाही, वीज लागत नाही,
दोन हात लागतात, आणि ते माझ्यापाशी होते,
स्टिअरिंगवर.

मग तिनं मला वर्गापुढं उभं केलं.
शाळेच्या व्यायामशाळेत, कोट न काढता बसलेली माणसं:
मेंढपाळ, बर्फ हटवणाऱ्या यंत्राचा चालक तोक्तोसुन,
रस्ता-चौकीवर रांधणारी बुरुलचा.
दान आलेल्या पुतळ्याचं फुप्फुस पहिल्याच दिवशी फाटलेलं,
म्हणून आसिलकाननं मेंढीचं आणलं,
नळी तोंडाला लावून फुंकलं.
ते ताटभर फुललं, ओलं, गुलाबी. त्या चपलांच्या रंगाचं.
मला बाहेर जावंसं वाटलं.
ती म्हणाली, आधी सांग.

सांगितलं. ओत्तुकसकट सगळं.
कुणी खोकलं नाही.
तोक्तोसुननं विचारलं, मग घोरणं म्हणजे काय?
मी म्हटलं,
माणूस दार ठोठावत असतो. आतून.

त्यानंतर नऊ हिवाळे मी हाच धडा देतोय.
ओढणी आणि लाकडी डावानं मांडीचं रक्त कसं थांबवायचं,
छाती किती खोल दाबायची,
ते दुसरे माझ्याहून चांगलं शिकवतात.
मी जबडा शिकवतो.
प्रत्येकाची बोटं स्वतः धरून त्या हाडामागं ठेवतो.
शिकवताना शेरालीचं नाव घेतो;
त्याच्या भावाला विचारून घेतो.
भाऊ एकदा मागच्या बाकावर येऊन बसला होता.
काही बोलला नाही,
शेजाऱ्याच्या जबड्यावर सराव करून गेला.

परवा पहाटे बुरुलचाचा फोन.
मोटारसायकलवाला पोरगा, दगडावर आपटलेला,
गाडी पोचायला दीड तास.
"घोरत होता," ती म्हणाली.
मग बराच वेळ नुसता वारा.
"मी घोरू दिलं नाही.
हात अजून वळत नाहीयेत, चहाचा पेला धरता येत नाही."
पोरगा बिश्केकला नेलाय. पुढचं ठाऊक नाही.

माझी बायको घोरते.
रात्री कितीदा तरी जाग येते,
अंधारातच तिच्या कानाखाली बोटं जातात.
ती झोपेतच हात झटकते, म्हणते,
जिवंत आहे रे बाबा, झोप.