रीप

देवगडच्या रुग्णालयात माझी खोली शेवटची,
एक खिडकी, खिडकीत खाडी.
एकोणीस वर्षं मी पांढऱ्या टाइलवर थेंब ठेवतो,
एकात निळं औषध, एकात पिवळं,
काडीनं ढवळतो, आणि दूध नासावं तसं
रक्त फाटतं की नाही ते बघतो.
निळ्यात फाटलं तर ए, पिवळ्यात तर बी,
दोन्हींत तर एबी. कुठंच नाही तर ओ.
एवढंच माझं ज्ञान; पगार त्याचाच.

भिकाजी कुबल एबी.
त्याची बायको द्वारका बी.
नऊ वर्षांची करिश्मा, अपेंडिक्ससाठी आणलेली,
ओ.

लिहिता लिहिताच कळलं काय लिहितोय.
एबी बापाला ओ मूल होत नाही.
भिकाजीचा पुतण्या बारावी सायन्सला,
त्यानं कागद वाचला
आणि माझ्याआधी घरी पोचवला.

भिकाजी त्या रात्रीपासून ट्रॉलरवर झोपू लागला.
द्वारका खिडकीशी आली. रडली नाही.
"परत बघा. थेंब खोटो बोललो असतलो."

मी परत बघितलं, उलटं.
पोरीच्या रक्तातलं पाणी घेतलं,
त्यात ओच्या पेशी सोडल्या,
ज्या कुणाशीच भांडत नाहीत.
त्याही फाटल्या.
मी खुर्चीवर बसलो. बाहेर भरती होती.

मुंबईहून अहवाल यायला अकरा दिवस.
तोवर ऑपरेशन लांबवलं, पोर सलाइनवर.
बाराव्या दिवशी जेटीवर
लिलावाच्या चिठ्ठीमागे मी घर काढलं:
हे बघ, ए म्हणजे कौल, बी म्हणजेही कौल.
कौल बसायला खाली रीप लागते.
तुम्हा दोघांकडं एक रीप धड, एक पोकळ.
एक धड असली तरी छप्पर होतं,
म्हणून जन्मभर कळलं नाही.
हिला दोघांकडून पोकळच आली.
तुझं कौल आहे रे तिच्याकडे,
अंगणात रचलेलं. वर चढलं नाही, इतकंच.

द्वारका त्याची मामेबहीण.
म्हणजे दोघांचा तो एकच आजा, मचव्यावरचा तांडेल,
ही पोकळी घेऊन वेरावळपर्यंत हिंडला,
लेकीला दिली, लेकालाही दिली,
आणि शंभर नारळ उतरवून झाल्यावर
झोपेत गेला.

भिकाजी चिठ्ठी उलटीसुलटी करत राहिला.
मागे सुरमईचा भाव होता.
माफी मागितली असेल तर मला ऐकू आली नाही.
म्हणाला, "म्हणजे चेडू माझांच."
"अर्धां," द्वारका म्हणाली. "अर्धां माझां.
ह्यां लिवन दिया. शिक्को मारून."

लिहून दिलं.
झेरॉक्सवाल्याकडं तीस रुपयांत तिनं ते लॅमिनेट केलं
आणि पुतण्याच्या अभ्यासाच्या टेबलासमोर टांगलं.

करिश्माचं ऑपरेशन रक्त न लागता झालं.
पुढच्या वेळी लागलं तर कुणाचं?
आजाच्या वंशातले आता एकेक करून
बाही वर सारत खिडकीशी येतात,
कुणी मासळीच्या वासाचे, कुणी पुण्याहून सुट्टीला.
सत्तावीस झाले.
अजून दुसरं छप्पर नसलेलं घर
सापडलेलं नाही.