प्रथमपुरुषी अनेकवचन

पहाटे सहाला पाळकसाहेबांची प्रार्थना सुरू होते, कोरियनमध्ये.
सव्वासहाला घोरपडीच्या यार्डात एखादं इंजिन ओरडतं,
आणि साडेसहाला मी स्वयंपाकघरामागच्या खोलीतून
केस ओलेच बांधून येते
आणि टेबलावर दोघांच्या वह्या मांडते.

हाउन नऊ वर्षांची. जूवॉन सहाचा.
त्याला र आणि ल यांतला फरकच ऐकू येत नाही,
'लाल' सांगितलं की 'रार' लिहितो.
पण ळ पहिल्याच दिवशी आला.
जीभ उलटी वळवून, डोळे गच्च मिटून : ळ.
मग दिवसभर घरातल्या दिसेल त्या वस्तूला
त्यानं शेवटी एकेक ळ डकवला.
चमचाळ. पंखाळ. बाईळ.

पगार नऊ हजार, राहणं-खाणं त्यांचं.
ठरलंय ते : मराठी, गणित,
संध्याकाळी एम्प्रेस गार्डनपर्यंत फिरवून आणणं.
न ठरलेलं : गॅसवाल्याला फोन, भाजीवाल्याशी हुज्जत,
आणि घरमालक पारसनीस जिन्यातच थांबून
'त्या वासाबद्दल' बोलले की
त्यांना काहीतरी सांगून परत पाठवणं.
वास कोबीच्या बरण्यांचा. गॅलरीत ओळीनं उभ्या,
माझ्या आईच्या लोणच्यासारखीच तोंडाला फडकी बांधून.

आई फोनवर विचारते, बाटवणार तर नाहीत ना तुला?
मी म्हणते, अगं, त्यांच्या काड्यांनी मला अजून
शेंगदाणासुद्धा उचलता येत नाही.
मग ती आवाज खाली आणते, खरा प्रश्न काढते :
एकाच टेबलावर बसतेस?
राहुरीला डॉक्टरीणबाईंकडे तिचा कप
मागच्या कोनाड्यात पालथा असायचा. एकोणीस वर्षं.
बसते, मी सांगते. खिडकीकडची खुर्ची.
ती काही बोलत नाही.
नुसता कुकर ऐकू येतो.

मंगळवारी सर्वनामं घेतली. आम्ही, आपण.
आमच्यात एकच असतं, हाउन म्हणाली, ऊरी.
एकटी असले तरी माझी आई : ऊरी आई.
तुम्हाला दोन कशाला?
मी फळ्यावर गोल काढला.
ज्याच्याशी बोलतेस तो गोलात असला, तर आपण.
बाहेर असला, तर आम्ही.
आम्ही जेवलो, म्हणजे तू नव्हतास.
आपण जेवू या, म्हणजे ये, ताट घे.
जूवॉननं माझ्या हातून खडू ओढला,
गोलात पाच ठिपके दिले,
पाचव्याला वेणी काढली.
मी म्हटलं, चला, गुणाकार राहिलेत.

गुरुवारी हाउनच्या निबंधात :
'शनिवारी आपण पाचगणीला जाणार. आपण घोड्यावर बसणार.'
गाडी सात जणांची,
देगूहून आलेले पाहुणे तीन.
तिच्या आईनं चावी सकाळीच माझ्याकडे दिली होती,
झाडांना पाणी, सोमवारी सिलेंडर,
दोन्ही हातांनी, किंचित वाकून, जशी ती सगळंच देते.
मी लाल पेन घेतलं.
दोन्ही 'आपण' खोडले, वर लिहिलं : आम्ही.
व्याकरण म्हणून.

शनिवारी घर असं गप्प
की यार्डातले डबे एकमेकांना धडकताना मोजावेत.
जेवले माझ्याच खुर्चीत.
मग हाउनच्या खुर्चीत बसून पाहिलं,
मग पाळकसाहेबांच्या. तिथून फ्रिज दिसतो, एवढंच.
दुपारी वह्या काढल्या.
हाउननं माझी लाल शाई खोडरबरानं घासली होती.
शाई कुठली जाते, कागद गेला.
'शनिवारी' आणि 'पाचगणीला' यांच्यामध्ये
शेंगदाण्याएवढं भोक,
त्यातून पुढच्या पानावरचा
सातचा पाढा दिसत होता, बरोबर आलेला.

संध्याकाळी आईला फोन लावला.
म्हटलं, सोमवारी सिलेंडर यायचाय,
बाकी काही नाही, आपलं बरं चाललंय.
पलीकडे तिनं कुकर बंद केला.