उतरायचं नाही

होळी झाली की धरणाचं पाणी मागे सरतं
आणि फुगवट्यातून आमचं बेट वर येतं.
आधी एका बाभळीचं काळं खोड,
मग बुडालेल्या पाराचे चार दगड,
मग वाळू, नुसती वाळू,
आणि तिच्यावर नदी सुरयांची भांडणं.

मंडळाची सभा खताच्या गोडाऊनमध्ये भरली.
मी अध्यक्ष. म्हणजे किल्ली माझ्याकडे, एवढंच.
अकरा खुर्च्या मांडल्या, सात भरल्या,
त्यांतल्या दोन नव्या माणसांच्या.

देवयानी फेगडे, गुरांच्या दवाखान्यात मदतनीस.
बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघते,
हात आता चावेल की काय, अशी.
आणि लुकमान तडवी.
परवापर्यंत ट्रॅक्टरवर होता, वाळूच्या.
हे त्यानंच सांगितलं, उभं राहून,
आणि सांगून झाल्यावर उभाच राहिला.
उखर्डू नावाड्याचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.
पंख्याचा तेवढा आवाज.
मग उखर्डू म्हणाला, "बस ना भो."

यंदापासून बेट या दोघांनी सांभाळायचं, असं ठरलं.
मी सोपवलं ते हे:
दुर्बीण एक, डाव्या भिंगात बुरशी.
लाइफ जॅकेटं तीन, शिट्ट्या दोन.
पाटी, "येथे पक्षी अंडी घालतात",
तिच्यातलं "घालतात" गेल्या पुरात गेलं.
आणि सात वर्षांची वही.
घरटी एकशे बारा. चौऱ्याण्णव. एकाहत्तर.
पुढचे आकडे मी वाचले नाहीत.
"दर रविवारी उतरून मोजलीयेत," म्हणालो,
जरा अभिमानानं.
जरा नाही, बऱ्याच.

रविवारी उजाडायच्या आत होडी सोडली.
दोन्ही काठांवर केळी अजून झोपेत.
बेट वीस हातांवर आलं, माझा एक पाय बाहेर,
चप्पल ओली झालेली,
तेव्हा ती म्हणाली,
"दादा, आपुन उतराचं नाही."

मला आधी ऐकूच आलं नाही.
मग आलं, तर राग आला.
ती वही उघडून बोलत होती, माझ्या हाताकडे बघत.
आपण चाललो की पक्षी उठतात.
उठले की अंडी उन्हात. चव्वेचाळीस डिग्री.
बाभळीवर कावळे बसतात ते आपली वाट बघत,
आपण त्यांना घरटी दाखवत फिरतो.

"आन् कुत्री," लुकमान वल्ह्याकडे बघत बोलला.
"ती पाणी कापून येतात भाकरीच्या वासावर.
आम्ही वाळू भरायचो तव्हा
आमच्या मागं मागं यायची."

कुणी काही बोललं नाही.
सात वर्षं, दर रविवारी, मोजून झालं की
पाराच्या त्या चार दगडांवर बसून
आम्ही कळण्याची भाकरी अन् ठेचा खायचो.
उरलेले तुकडे मी स्वतः
पाखरांसाठी म्हणून टाकून यायचो.

मी पाय आत घेतला.

होडीतूनच मोजणं सुरू झालं.
उखर्डूनं वल्हं पाण्यात नुसतं धरून ठेवलं,
झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावं तसं.
देवयानीचे छत्तीस भरले, लुकमानचे एकेचाळीस.
पुन्हा मोजले, तर अडतीस अन् अडतीस,
पण एक बहुतेक दगड होता.
तिनं वहीत लिहिलं: अंदाजे.
सात वर्षांत हा शब्द त्या वहीत नव्हता.
माझे सगळे आकडे पक्के होते.
पक्के, आणि दर साली कमी.

बेटावरचे पक्षी एकदाही उठले नाहीत.
सात वर्षांत मी त्यांना बसलेलं
असं कधी पाहिलंच नव्हतं.
चोच पिवळी असते, हे माहीत होतं.
ऊन चढलं की ती उघडी ठेवून धापा टाकतात,
हे नव्हतं.

परत आलो. लुकमाननं होडी ओढून खुंटाला बांधली,
गाठ मारली ती ट्रॉलीच्या दोराची, घट्ट.
गोडाऊनच्या दाराशी देवयानीनं हात पुढे केला.
मी किल्ली दिली.
ती फिरवत राहिली, कुलूप ऐकेना.

"दार जरा उचल," मी म्हणालो,
"मग फिरव."