समाकृतिकत्व

शब्द लांब आहे. फळ्यावर लिहिताना
खडू मध्येच मोडतो.
रावपुऱ्यातल्या शाळेचा मराठी वर्ग,
यंदा सातच मुलं.
त्यातला तन्मय शिर्के विचारतो,
"बाई, म्हणजे दोन्ही सारखेच ना?"

नाही रे. थांब.

बीकरमध्ये तुरटीचं संपृक्त द्रावण.
दोऱ्याला बांधून आत सोडलाय
क्रोम तुरटीचा खडा,
वांग्याच्या सालीसारखा जांभळा.
रोज थोडं पाणी उडतं,
रोज साधी तुरटी त्याच्यावर चढते,
कोन न चुकवता, आठही बाजूंनी.
एका अणूच्या जागी दुसरा येऊन बसतो
आणि शेजाऱ्यांना सरकावं लागत नाही.

आबा दाढी झाली की हीच तुरटी गालावर फिरवायचे.
दांडिया बाजारात छप्पन्न वर्षं काढली
आणि गांध्याकडे शेवटपर्यंत तुरटीच मागितली.
तो म्हणायचा, "लो काका, फटकडी."
दोघांपैकी कुणीच शब्द बदलला नाही.

मी बदलले. कधी, ते कळलं नाही.
पुण्यात मामेबहिणीला म्हटलं,
"बारी लाव गं, डास येतायत."
"बारी? कसली? कुठे लावायची?"
मी उठले आणि खिडकी लावली.

होळीला झंखनानं कणीक मळली,
मग डबे उघडून पाहिले.
"मम्मी, चणाडाळ नथी. तूर चालेल?"
तिच्या माहेरी वेढमी. माझ्याकडे पुरणपोळी.
तूर शिजली, गूळ पडला,
पोळी तव्यावर तशीच फुगली,
कडेला तशीच फुटली.
आबांच्या फोटोपुढे ताट ठेवताना
डाळीचं नाव मी सांगितलं नाही.

मोरचूदही घालून पाहिला होता, दुसऱ्या बीकरमध्ये.
तो खड्यावर चढला नाही.
तळाशी आपला आपण बसला,
निळा, तिरपा.
सगळंच सगळ्यावर चढत नाही, तन्मय,
आणि यात मोरचुदाचं काही चुकलेलं नाही.

आज एकेचाळिसावा दिवस.
दोरा कापून खडा उजेडासमोर धरते.
बाहेरून पाण्यासारखा.
आत, अगदी मध्ये,
जांभळा अजून जांभळाच.

"मग सारखे की वेगळे?"
परीक्षेत काय लिहायचं, ते त्याला हवंय.

हात कोरडे आहेत ना? हे घे.
आधी नीट बघ.